मसेराटी दिसली तर नेमकी कुठली, हे ओळखायचं कसं

संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेकडं जाताना सात रस्त्याला सिग्नलवर एक काळी गाडी थोडी पुढं थांबली होती, मागच्या काचेजवळच्या खांबावर गोल बिल्ला आणि त्यात त्रिशूळ. रिक्षावाला म्हणाला, "सिद्धेश्वराचा भक्त दिसतोय." मागं बसलेलं पोरगं म्हणालं, "फेरारी हाय बे." आणि मी शहाण्यासारखं "मसेराटी लेव्हान्ते" म्हणून टाकलं. घरी येऊन फोटो मोठा करून बघितला तर मसेराटीच, पण ग्रेकाले मॉडेल निघालं. तुमची अशी फजिती होऊ नये म्हणून लिहितोय, कारण आपल्याकडं ही गाडी दिसली तर सिग्नल सुटेपर्यंतच दिसते, काय बघायचं ते आधीच डोक्यात पाहिजे.

पहिलं म्हणजे त्रिशूळ शंकराचा नाही. इटलीत बोलोन्या शहरात कारंज्यावर नेपच्यूनचा, म्हणजे रोमन लोकांच्या समुद्रदेवाचा पुतळा आहे, त्याच्या हातातला आहे तो. 1914 ला आल्फिएरी मसेराटीनं भावांना घेऊन त्याच गावात वर्कशॉप काढलं. मारिओ नावाचा एक भाऊ गाड्यांच्या भानगडीत नव्हता, चित्रं काढायचा, लोगो त्याचाच. भावांनी 1937 ला कंपनी ओर्सी कुटुंबाला विकली आणि मग ती मोदेनाला गेली, तिथंच आजपण आहे.

आता गाडी. बाजूनं बघायची सवय लावा. पुढच्या चाकाच्या मागं फेंडरवर, म्हणजे चाकाजवळच्या पत्र्यावर, ओळीत तीन भोकं दिसली आणि मागच्या खांबावर तो बिल्ला दिसला की मसेराटी, विषय संपला. पुढची जाळी बघून मॉडेल सांगायला जाऊ नका, सगळ्यांनाच त्रिशूळ आहे.

मग नाव. इथं एक युक्ती आहे, बरीचशी नावं वाऱ्यांची आहेत. 1963 ची मिस्त्राल, 1967 ची घिब्ली, 1971 ची बोरा, मग खमसिन, आणि अलीकडच्या लेव्हान्ते, ग्रेकाले. घिब्ली म्हणजे लिबियातला तापलेला वारा, मे महिन्यात दुपारी दोन वाजता होटगी रोडला उभं राहिलात की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पण घिब्ली म्हटलं की कुठली ते विचारा, 1967 ची दोन दारांची आणि एकदम बसकी, 2013 ची चार दारांची सेडान. ती सेडान आणि क्वात्रोपोर्ते यात लोक हमखास गोंधळतात. घिब्ली पाच मीटरच्या जरा आत, दुसरी सव्वापाच मीटरच्या वर, शेजारी इनोव्हा उभी असली तरी लांबी कळते. आणि क्वात्रोपोर्तेचा इटालियन अर्थ काय, तर चार दरवाजे! एवढी महागडी गाडी आणि नाव असं, जसं आपण चादरीला चौकोन म्हणावं.

उंच गाडी असेल तर दोनच पर्याय. लेव्हान्ते 2016 ची, पाच मीटर, हेडलाइट बारीक आणि तिरपे. ग्रेकाले 2022 ची, थोडी छोटी, हेडलाइट उभट. हेडलाइट बघितले की निकाल.

दोन दारांची लांब नाकाची म्हणजे ग्रानतुरिस्मो. 2007 ची जुनी, तिच्यात फेरारीनं बनवलेलं व्ही8, म्हणजे आठ सिलेंडरचं इंजिन, आवाज ऐकाल तर चहा थंड होईल. नव्या पिढीत स्वतःचं नेत्तुनो नावाचं 3 लिटर व्ही6 आलं, आणि फोल्गोरे लिहिलं असेल तर इलेक्ट्रिक, तिच्या आवाजावर जाऊ नका. दारं वर उघडणारी, इंजिन सीटच्या मागं, ती एमसी20, तेच नेत्तुनो पण 630 हॉर्सपॉवर. तीन भोकांचा नियम हिला लावू नका.

रेसिंगचं सगळं सांगत बसत नाही, एवढंच की अर्जेंटिनाच्या फान्जिओ या ड्रायव्हरनं 1957 ची एफ1 चॅम्पियनशिप मसेराटीच्या 250एफ या रेसिंग गाडीत जिंकली. कुणी मसेराटीला नुसती शोची गाडी म्हणालं की हे पुढं करायचं.

राहिला मागचा लाइट. बूमरँगसारखा वळलेला लाइट 1998 च्या मसेराटी 3200 जीटीवरून घेतलाय, पण तो ग्रेकालेला पण आहे आणि शेवटच्या काही वर्षांच्या घिब्ली, लेव्हान्तेला पण, त्यामुळं त्यावरून मॉडेल सांगायचं नाही. सात रस्त्याला मध्ये टमटम आडवी होती, मला एका बाजूचा तेवढाच लाइट दिसला होता.