पडद्यावर जादूचा प्रयोग दाखवताना या चुका टाळा

चित्रपटात रंगमंचावरची जादू दाखवणाऱ्यांना एका गोष्टीचा वारंवार विसर पडतो: कॅमेऱ्याला काहीही गायब करता येते, हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते. सुरुवातीच्या काळातला फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस हा मुळात जादूगार. त्याने १८९६ मध्येच कॅमेरा थांबवला, बाईला बाजूला केले, कॅमेरा पुन्हा सुरू केला आणि पडद्यावरची बाई नाहीशी झाली. रंगमंचावर याच परिणामासाठी चोरदरवाजा आणि भरपूर सराव लागत असे.

म्हणूनच ऐन चमत्काराच्या क्षणी केलेला कट ही माझ्या मते सर्वांत अक्षम्य चूक आहे. एका लघुपटासाठी मला सल्लागार म्हणून बोलावले होते. नाणे उजव्या हातातून डाव्या हातात दिल्याचा आभास निर्माण करायचा आणि प्रत्यक्षात ते उजव्याच तळव्यात दडवायचे, एवढाच प्रयोग होता. नटाने त्यासाठी इतकी मेहनत घेतली होती की, चित्रीकरणाच्या वेळी प्रकाशयोजना सांभाळणारा माणूस हातातले काम सोडून नाणे शोधू लागला. पुढे संकलनात दिग्दर्शकाला दृश्य संथ वाटले. त्याने मुठीचा क्लोज-अप, समोरच्या पात्राचा चकित चेहरा आणि मग उघडलेला रिकामा तळवा असे तुकडे जोडले. पहिल्या खासगी खेळात कोणीही हूं की चूं केले नाही. उलट एकाने विचारले की, मधल्या शॉटच्या वेळी नाणे काढून घेतले का? सुदैवाने सलग घेतलेला शॉट शिल्लक होता. बरीच हुज्जत घातल्यावर तो वापरला गेला आणि पुढच्या खेळात त्याच जागी प्रेक्षागृहात कुजबुज झाली.

माझी पद्धत साधी आहे. कंबरेपासून वरची चौकट ठेवावी आणि दोन्ही हात व चेहरा एकाच वेळी दिसू द्यावेत. चेहरा यासाठी, की जादूगार जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतो. जादूगार रिकाम्या मुठीकडे टक लावून पाहत असतो, म्हणूनच नाणे दडवलेला हात प्रेक्षकाच्या नजरेतून सुटतो. नुसत्या हातांचा क्लोज-अप घेतला की फसवणुकीचे मुख्य साधनच चौकटीबाहेर जाते. ‘नंतर संगणकावर बघू’ म्हणणाऱ्या उतावळ्या मंडळींना मी आधी अख्खा प्रयोग एकदा प्रेक्षकांच्या खुर्चीत बसून पाहायला लावतो.

कॅमेरा विंगेत ठेवू नये. आरशांवर बेतलेली पेटी समोरूनच फसवते.

दुसरी चूक रहस्य उलगडण्याची. लेखकांना पेटी उघडून आत चाके, कळा आणि स्प्रिंगा दाखवण्याचा फार सोस असतो. खरे रहस्य बहुधा इतके साधे असते की, तेवढेच सांगितले तर प्रेक्षक हिरमुसतो. सेल्बिट या जादूगाराने १९२१ मध्ये लंडनमध्ये पेटीतल्या बाईला करवतीने कापण्याचा प्रयोग केला, तेव्हा तिला बांधलेल्या दोरांची टोके प्रेक्षकांच्याच हातात दिली होती. ती आत अंग चोरून घेते, एवढे सांगून भागत नाही. आपण दोर धरला आहे म्हणजे ती हलूच शकत नाही, असे प्रेक्षकाला का वाटले, हे दाखवणे म्हणजे उलगडा. शिवाय तो लगेच करण्याची घाई नसावी. पी. सी. सरकार यांनी १९५६ मध्ये बीबीसीवर एका मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग केला, ती पुन्हा उभी राहण्याआधीच कार्यक्रमाची वेळ संपली आणि धास्तावलेल्या लोकांनी दूरध्वनी करून तिची चौकशी केली. न मिटलेल्या शंकेत एवढी ताकद असताना पुढच्याच दृश्यात खुलासा करून टाकणे हा निव्वळ आळस आहे.

ऐतिहासिक पात्रे घेणाऱ्यांनी निदान मृत्यूचे कारण तपासावे. जादूगार हुदिनीच्या जीवनावरील १९५३ च्या चित्रपटात पाण्याच्या पेटीतून सुटण्याचा प्रयोग फसतो आणि त्यातच तो मरतो. प्रत्यक्षात १९२६ मध्ये अपेंडिक्स फुटून पोटात पसरलेल्या संसर्गाने तो गेला.

प्रयोगाचे तीन टप्पे आणि त्यांची ‘प्लेज’, ‘टर्न’, ‘प्रेस्टिज’ ही नावे जादूगारांची पिढीजात परिभाषा म्हणून संवादांत घालू नयेत. ‘प्रेस्टिज’ हे नाव क्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या १९९५ च्या कादंबरीतून, तर ‘प्लेज’ आणि ‘टर्न’ ही तिच्यावरील २००६ च्या चित्रपटातून आलेली आहेत.

आणि पेटीतल्या सहाय्यिकेला शोभेची बाहुली करू नये. अशा प्रयोगात अवघड शारीरिक काम बहुतेक वेळा तीच करते, तेही हसतमुखाने, त्यामुळे तालमीचा निम्माअधिक वेळ त्या नटीसाठी राखून ठेवावा.