घरी मायटर सॉ वापरताना या चुका टाळा

मायटर सॉ म्हणजे लाकूड सरळ आडवे किंवा कोनात कापणारे, वरून खाली येणाऱ्या गोल पात्याचे विद्युत यंत्र. त्यावर लाकूड जागेवर राहते आणि पाते त्याच्याकडे येते. टेबल सॉवर नेमके उलटे असते, तिथे फिरत्या पात्याकडे लाकूड हाताने सरकवावे लागते. या फरकामुळे घरी सुतारकाम करणाऱ्या बहुतेकांना मायटर सॉ निर्धोक वाटतो, आणि एका अटीवर ते खरेही आहे. पाते लाकडाला लागल्यापासून ते पूर्ण थांबेपर्यंत लाकूड टेबलाला आणि फेन्सला (टेबलावरील मागच्या उभ्या आधारपट्टीला) घट्ट टेकून निश्चल राहिले पाहिजे, ही ती अट. पुढे ज्या चुका येतील त्यांतील बहुतेक या ना त्या प्रकारे याच अटीचा भंग करणाऱ्या आहेत. काप वाकडा येणे, कड जळणे, पाते अडकणे यांसारख्या तक्रारींचे मूळही बऱ्याचदा तिथेच सापडते.

आधी वेगाचा अंदाज असलेला बरा. 254 मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला 4500 फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे 60 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 215 किलोमीटर होतो. लाकूड हलले तर हात पटकन मागे घेऊ, हा भरवसा या वेगापुढे निरर्थक आहे. हात मुळातच पात्यापासून दूर असला पाहिजे.

लाकूड धरण्यातील चुका

पात्याच्या दोन्ही बाजूंना किमान 150 मिलिमीटर, म्हणजे साधारण सहा इंच, हे हातासाठी निषिद्ध क्षेत्र मानावे. अनेक यंत्रांच्या टेबलावर त्याची खूण कोरलेली असते. नसेल तर रंगाने किंवा टेपने स्वतः आखून घ्यावी. ज्या तुकड्याला या क्षेत्राबाहेर राहून धरता येत नाही, तो हाताने धरायचाच नाही. त्यासाठी क्लॅम्प, म्हणजे लाकूड दाबून धरणारा शिकंजा, असतो. यंत्रासोबत आलेला उभा क्लॅम्प पहिल्याच आठवड्यात खोक्यात जातो आणि पुन्हा बाहेर निघत नाही, असे सर्रास दिसते; वास्तविक तो यंत्राचाच भाग समजून कायम लावून ठेवावा.

छोटा तुकडा हवा असेल तर तो लांब पट्टीतून कापावा, आधीच आखूड असलेल्या लाकडातून नव्हे. त्यावर कोनही हवा असेल तर पट्टी लांब असतानाच कोनाचा काप घ्यावा आणि मग तुकडा वेगळा करावा. क्रम एवढा बदलला की बोटे पात्याजवळ नेण्याची वेळच येत नाही.

पात्याच्या डाव्या बाजूचे लाकूड उजव्या हाताने धरून डाव्या हाताने हँडल ओढणे, म्हणजे हातांची कात्री करणे, ही आणखी एक सवय. तसे केल्यास एक हात पात्याच्या रेषेवरून आडवा जातो. लाकूड ज्या बाजूला धरायचे त्याच बाजूच्या हाताने ते धरावे आणि दुसऱ्या हाताने यंत्र चालवावे. ते अवघड जात असेल तर क्लॅम्प लावावा.

बाक आलेल्या फळीकडे विशेष लक्ष हवे, कारण ती सरळ दिसते आणि फसवते. फळीची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी, म्हणजे कापाच्या रेषेपाशी ती फेन्सला टेकते. पोकळ बाजू फेन्सकडे ठेवली तर मध्ये फट राहते आणि काप संपत येताना दोन्ही भाग त्या फटीकडे ढकलले जाऊन पात्याला मिठी मारतात. पाते अडकते, लाकूड झटक्याने उचलले जाते, आणि ते धरणारा हातही त्याच्याबरोबर ओढला जातो. खालच्या बाजूलाही हाच नियम: कापाच्या रेषेवर फळी आणि टेबल यांच्यात पोकळी नको. भुशाचा छोटासा ढीग किंवा एखादी ढलपी फेन्सशी राहिली तरी अशी फट तयार होते, म्हणून प्रत्येक कापाआधी पाते थांबलेले असताना ती जागा ब्रशने झाडून घ्यावी, बोटांनी नव्हे.

गोल दांडा किंवा पाइप पात्याखाली गडगडतो. तो इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात बसवून क्लॅम्प केल्याशिवाय कापू नये. अनेक पट्ट्या एकावर एक रचून एकाच वेळी कापण्याचा मोहही टाळावा, कारण वरची पट्टी धरली तरी मधल्या पट्ट्या सुट्या राहतात.

लांब लाकडाला टेबलाबाहेर दोन्ही बाजूंना टेबलाच्याच उंचीचे आधार हवेत. लोंबणाऱ्या टोकाच्या वजनाने लाकूड दुसऱ्या बाजूने उचलले जाते, काप तिरपा येतो आणि तुकडा सुटताना पात्यावर कलंडतो. हे टोक धरायला घरातल्या कोणाला उभे करणे हा उपाय नव्हे. दुसऱ्याचा हात कधी वर होईल, कधी खाली जाईल, हे यंत्र चालवणाऱ्याला कळत नाही. लाकडी घोडी किंवा ठोकळ्यांची रास हे काम अधिक भरवशाने करते.

सुटणारा तुकडा

एकाच मापाचे अनेक तुकडे काढताना स्टॉप, म्हणजे लाकडाचे टोक टेकवायचा ठोकळा, लावणे सोयीचे असते, पण तो कोणत्या बाजूला लावला याकडे दुर्लक्ष होते. स्टॉप नेहमी धरलेल्या किंवा क्लॅम्प केलेल्या बाजूलाच असावा. सुटणाऱ्या तुकड्याच्या बाजूला तो लावला, तर कापलेला तुकडा स्टॉप आणि फिरते पाते यांच्यात कोंडला जातो, थोडा तिरपा होतो आणि दात्यांच्या तडाख्याने भिरकावला जातो. सुटणाऱ्या तुकड्याला बाजूला सरकायला मोकळी जागा लागते.

दोन-चार मिलिमीटरची चकती कापून टाकतानाही असाच प्रकार होतो. टेबलातील पात्याची खाच आणि फेन्समधील फट यांत ती चकती ओढली जाते आणि फुटून उडते. टेबलावर व फेन्ससमोर पातळ प्लायवूडचा तुकडा पक्का बसवून त्यातूनच पाते एकदा खाली नेले, की पात्याच्या जाडीएवढीच फट उरते. हा साधा उपाय इतका गुणकारी आहे की तो वापरात का नसतो याचे आश्चर्य वाटते. शिवाय कापाच्या खालची कडही स्वच्छ येते.

ट्रिगर दाबण्याची आणि सोडण्याची वेळ

पाते लाकडावर टेकवून मग ट्रिगर दाबणे ही नवख्यांची चूक आहे. पाते वरच सुरू करावे, ते पूर्ण वेगाला पोहोचू द्यावे आणि मगच संथपणे खाली आणावे. याहून महत्त्वाची गोष्ट काप संपल्यानंतरची आहे. पाते खाली असतानाच ट्रिगर सोडावा, ते पूर्ण थांबेपर्यंत हात तसाच ठेवावा आणि नंतर ते वर उचलावे. फिरते पाते वर घेताना त्याचे मागचे दाते सुट्या तुकड्याला पकडू शकतात, आणि कापाची स्वच्छ कडही तेव्हाच खराब होते. बहुतेक नव्या यंत्रांत विद्युत ब्रेक असल्यामुळे ही प्रतीक्षा काही सेकंदांचीच असते. तेवढ्या वेळात पुढची पट्टी उचलण्याची घाई करू नये.

पाते लाकडात अडकले तर लगेच ट्रिगर सोडावा, पाते थांबल्यावर प्लग काढावा आणि मगच लाकूड सोडवावे. ट्रिगर दाबून ठेवून जोर लावल्यास पाते एकदम सुटते आणि लाकूड कोणत्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही.

सरकत्या, म्हणजे स्लाइडिंग, यंत्राची रीत वेगळी आहे आणि ती माहीत नसणे धोक्याचे आहे. यंत्राचे डोके, म्हणजे मोटर आणि पाते असलेला भाग, आधी स्वतःकडे पूर्ण ओढावे, मग पाते सुरू करून खाली न्यावे आणि शेवटी फेन्सकडे ढकलत कापावे. पाते खाली ठेवून स्वतःकडे ओढत कापल्यास दाते लाकडावर चढू पाहतात आणि संपूर्ण डोके वेगाने चालवणाऱ्याच्या दिशेने येते. अरुंद पट्टी कापताना मात्र सरकवण्याची गरज नसते. डोके मागे लॉक करून साधा उभा काप घ्यावा.

गार्ड आणि पाते

पात्याला झाकणारा खालचा पारदर्शक गार्ड मळला की कापाची रेषा दिसत नाही, म्हणून तो दोरीने वर बांधून ठेवला जातो. या चुकीसाठी कोणतीही सबब चालणारी नाही. गार्ड अडखळत असेल तर प्लग काढून त्याच्या सांध्यातील भुसा साफ करावा, मळला असेल तर साबणाच्या पाण्याने पुसावा, आणि स्प्रिंग सैल झाली असेल तर ती बदलेपर्यंत यंत्र वापरू नये.

पाते निवडताना व्यास आणि दात्यांची संख्या एवढेच पाहिले जाते. टेबल सॉच्या अनेक पात्यांचे दाते पुढे झुकलेले असतात आणि त्यांचा हुक कोन, म्हणजे हा झुकाव, 20 अंशांच्या आसपास असतो. असे पाते मायटर सॉवर लावल्यास ते लाकूड अधाशीपणे ओढते. मायटर सॉसाठी हा कोन शून्याच्या जवळपास किंवा उणे असलेले पाते योग्य. 254 मिलिमीटरच्या पात्याला साधारण कामासाठी 40 ते 60 दाते आणि बारीक मोल्डिंगसाठी (नक्षीदार पट्ट्यांसाठी) 80 दाते ठीक असतात. पात्यावर लिहिलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहे ना, मधले छिद्र शाफ्टला नेमके बसते ना, आणि पात्यावरील बाण गार्डवरील बाणाशी जुळतो ना, हे बसवण्याआधी पाहावे. पाते बदलताना बोल्ट निघत नसेल तर जोर लावण्याआधी फिरवण्याची दिशा तपासावी, कारण बऱ्याच यंत्रांत तो डाव्या आट्यांचा असतो. लाकडाच्या पात्याने लोखंड कधीही कापू नये. जुने लाकूड असेल तर त्यातील खिळे आधी शोधून काढावेत.

कोन चुकतो तेव्हा

चौकटीचा शेवटचा कोपरा मिटत नाही, ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. चार कोपऱ्यांना आठ काप लागतात. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक असेल तर सगळी मिळून चार अंश होते आणि ती शेवटच्या कोपऱ्यात उघडी पडते. तरीही लगेच यंत्राला दोष देऊ नये. समोरासमोरच्या बाजूंच्या लांबीत किंचित फरक असला, तरी कोन अचूक असूनही कोपरे उघडे राहतात. आधी त्या बाजू एकमेकींना लावून पाहाव्यात.

यंत्राचा शून्य अंश खरा आहे का, हे तपासण्याची सोपी रीत अशी: दोन्ही कडा समांतर असलेली रुंद फळी टेबलावर आडवी ठेवून मधोमध कापावी, एक भाग उलटा करून दोन्ही भागांच्या कडा फेन्सला टेकवाव्यात आणि कापलेली टोके जुळवून पाहावीत. फट दिसली तर ती मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे बारीक चूकही नजरेला येते. पाते टेबलाशी काटकोनात आहे का, हे प्लग काढून गुण्याने पाहावे. गुण्या पात्याच्या सपाट भागाला टेकवावा, दात्याला नव्हे.

भिंतीच्या कोपऱ्यातील पट्ट्यांबाबत वेगळीच गफलत होते. कोपरा 92 अंशांचा भरला की निम्मे करून 46 वर यंत्र लावले जाते. यंत्राचा शून्य म्हणजे सरळ आडवा काप असल्यामुळे, मोजलेला कोन 180 मधून वजा करून उरलेल्याचे निम्मे करायचे असते. म्हणून इथे 44 अंश हवेत. भिंतीचे कोपरे क्वचितच नेमके 90 अंशांचे असतात. तिथे 45 चा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

डोके तिरपे करून बेव्हल काप घेण्याआधी सरकता फेन्स बाजूला घ्यावा, सर्व लॉक घट्ट करावेत आणि प्लग काढलेला असताना पाते एकदा पूर्ण खाली आणून ते कुठे घासत नाही याची खात्री करावी. फेन्सचा धातू कापला गेल्याच्या खुणा अनेक जुन्या यंत्रांवर दिसतात, त्या हा सराव चुकवल्याच्याच असतात.

कड जळणे, तंतू उचकटणे, वेग मंदावणे

कापाची कड काळी पडत असेल तर पाते बोथट झाले आहे, त्यावर राळ साठली आहे, किंवा काप गरजेपेक्षा संथ घेतला जातो आहे. राळ साफ केल्यानेच पुष्कळदा प्रश्न सुटतो, म्हणून नवे पाते घेण्याआधी ते करून पाहावे.

पात्याचे दाते वरून खाली आणि पुढून मागे, फेन्सच्या दिशेने जातात. त्यामुळे तंतू खालच्या आणि मागच्या कडेला उचकटतात. दर्शनी बाजू वर ठेवली की हे नुकसान न दिसणाऱ्या बाजूला जाते.

मोटर दमल्यासारखी वाटत असेल तर एक्स्टेन्शनची वायर पाहावी. बारीक आणि लांब वायरीत दाब घटतो, मोटर तापते आणि पाते अडकण्याची शक्यता वाढते. जाड वायर वापरावी, आणि रीळ असेल तर ते पूर्ण उलगडावे, कारण गुंडाळलेली वायर तापते.

डोळे, कान आणि भुसा

चष्मा असला तरी बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्मा वेगळा लागतो. सैल बाह्या, गळ्यातील साखळी, मोकळे केस आणि सैल हातमोजे यांना फिरत्या पात्याजवळ स्थान नाही. मायटर सॉचा आवाज 100 डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. अमेरिकेतील निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे आणि दर 3 डेसिबलला ती निम्मी होते. त्या हिशेबाने 100 डेसिबलला दिवसाला पंधराच मिनिटे उरतात. थोडेच काप घ्यायचे असले तरी कानांना संरक्षण हवे.

भुशाकडे केवळ केरकचरा म्हणून पाहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. यंत्राची कापडी पिशवी बारीक धूळ फारशी पकडत नाही, म्हणून व्हॅक्यूम जोडावा आणि चेहऱ्याला नीट बसणारा एन 95 दर्जाचा मास्क वापरावा, विशेषतः एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) कापताना. काम संपल्यावर प्लग काढावा, डोके खाली लॉक करावे आणि पिशवी रिकामी करावी. घरात मुले असतील तर ट्रिगरच्या छिद्रात छोटे कुलूप घालण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते.