परदेशात तात्पुरतं राहताना घरी बेकिंग कसं करावं

सहा महिने, वर्ष, फार तर दोन वर्षं अशा बेताने परदेशी गेलेली माणसं बेकिंगची हौस बहुतेक वेळा मनातच ठेवतात. भाड्याच्या घरातला ओव्हन अनोळखी असतो, सामान जमवावं तर निघताना टाकून द्यावं लागणार, आणि वर्षानुवर्षं हमखास जमणारा केकही तिथे बसतो किंवा दडस होतो. हे शेवटचं सगळ्यात जास्त खचवतं. रेसिपी तीच असते, हातही तेच असतात. बदललेलं असतं पीठ, अंडं, बटर, कप आणि ओव्हन. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की नव्या देशात पोचल्यावर नव्या रेसिपी धुंडाळू नका. आधी सगळं वजनावर आणा आणि एकच साधा केक करून तिथलं स्वयंपाकघर ओळखून घ्या.

निघण्याआधी: रेसिपी ग्रॅममध्ये उतरवा

कपाचं माप देशागणिक बदलतं. अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा, जपानमधला २०० चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असला तरी ऑस्ट्रेलियात तो २० चा धरतात. अमेरिकी रेसिपीत ‘एक स्टिक बटर’ लिहिलेलं असतं ते ११३ ग्रॅम. निघण्यापूर्वी आपल्या आवडीच्या चार-पाच रेसिपी एकदा करा. प्रत्येक जिन्नस आपल्या नेहमीच्या कपाने घ्या, पण भांड्यात घालण्याआधी त्याचं वजन करून लिहून ठेवा.

बॅगेत तीनच गोष्टी टाका: बॅटरीवर चालणारा छोटा वजनकाटा, मोजण्याच्या चमच्यांचा संच आणि ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. विजेवर चालणारा बीटर नेण्याआधी त्याच्या मागचं व्होल्टेज वाचा. २३० व्होल्टचं यंत्र अमेरिकेतल्या १२० किंवा जपानमधल्या १०० व्होल्टवर कुथत चालतं, आणि उलट बाजूने १२० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं तर जळून जातं. नुसता पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. एखादा केक फेटायला साधा व्हिस्क, म्हणजे हाताने फेटायचं तारांचं साधन, पुरतो.

मैदा, दूध पावडर वगैरे नेऊ नका. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर असली तर तिची वेगळी तपासणी होते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खसखस तर संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये निषिद्ध मालात मोडते, त्यामुळे खसखशीचा केक किंवा पाव तिथे विसरायचाच. तशीच गोष्ट व्हॅनिला अर्काची: अमेरिकी नियमाने त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे दारूबंदी असलेल्या देशात तो नेऊ नये. तिथे व्हॅनिलाची शेंग किंवा अल्कोहोलविरहित इसेन्स वापरावा.

पहिला आठवडा: ओव्हनशी ओळख

भाड्याच्या घरातल्या ओव्हनची माहितीपुस्तिका क्वचितच हाती लागते, पण खुणा बऱ्याच देशांत सारख्या असतात. वर आणि खाली अशा दोन आडव्या रेषा म्हणजे दोन्हीकडून उष्णता, नागमोडी रेषा म्हणजे ग्रिल, पंख्याचं चित्र म्हणजे गरम हवा फिरवणारा ओव्हन. केकसाठी दोन रेषांची खूण निवडा. पंखा बंदच करता येत नसेल तर रेसिपीतल्या तापमानातून २० अंश वजा करा. फॅरनहाइटमध्ये आकडे असतील तर ३५० म्हणजे साधारण १८० सेल्सिअस. जुन्या ब्रिटिश गॅस ओव्हनवर हाच ४ नंबर.

बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो. थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून ओव्हन १८० वर लावा आणि ‘तापलो’ असा दिवा लागल्यावरही पंधरा मिनिटं थांबून वाचा. थर्मामीटर नसेल तर साखरेचा उपाय आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर ठेवून १७५ वर पंधरा मिनिटं पाहा, मग १९० वर तेवढीच. पहिल्या वेळी वितळली तर ओव्हन दाखवतो त्याहून गरम आहे. दुसऱ्या वेळीही कोरडीच राहिली तर थंड आहे. मिळालेला फरक कागदावर लिहून ओव्हनशेजारी चिकटवा.

आणखी एक. आधीच्या भाडेकरूंचं तेल-तूप ओव्हनच्या तळाशी साठलेलं असतं. पहिल्यांदा तापवण्याआधी तो पुसून घ्या आणि खिडकी उघडा. इमारतभर वाजणारा धुराचा अलार्म ही नव्या शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायची बरी रीत नव्हे.

दुकानात: पाकिटाच्या मागची बाजू वाचा

इथे घाई करू नका. बहुतेक केक इथेच बिघडतात.

पांढरं पीठ सगळीकडे मिळतं, पण त्याची प्रतवारी निरनिराळी असते. जर्मनीत पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे दिसतात, फ्रान्समध्ये टी ४५, टी ५५, टी ६५. पीठ जाळल्यावर किती राख उरते, म्हणजेच त्यात कोंड्याचा अंश किती, ते हे आकडे दाखवतात. केकसाठी जर्मन ४०५ किंवा फ्रेंच टी ४५ घ्यावं. इटलीतल्या ‘डबल झीरो’ पिठाबद्दल मोठा गैरसमज आहे. ती खूण पीठ किती पांढरं आणि स्वच्छ आहे हे सांगते, ताकद सांगत नाही. त्याच खुणेखाली केकचं मऊ पीठही मिळतं आणि पिझ्झाचं चिवटही.

म्हणून भरवशाचा आकडा एकच, तो म्हणजे प्रथिनं. १०० ग्रॅम पिठात ८ ते ९.५ ग्रॅम असली तर केक-बिस्किटं, १० ते ११ ला सर्वसाधारण वापर, १२ आणि त्यापुढे पाव. कोंड्यासकट पिठाला मात्र हा नियम लागू पडत नाही, कारण त्यातली सगळी प्रथिनं ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं जाळं, बनवत नाहीत. अमेरिकेतल्या पाकिटावर हा आकडा ३० ग्रॅमच्या वाढणीमागे आणि पूर्णांकात असतो. तिथला ‘३ ग्रॅम’ म्हणजे शेकडा साडेआठही असू शकतो आणि साडेअकराही. अशा वेळी पीठ कशासाठी आहे असं पाकिटावर लिहिलंय त्यावर विसंबा. हाताशी फक्त चिवट पीठ असेल तर दर १०० ग्रॅममागे १५ ग्रॅम काढून तेवढंच मक्याचं स्टार्च घाला. हे स्टार्च ब्रिटनमध्ये कॉर्नफ्लोअर नावाने मिळतं, पण अमेरिकेत त्याच नावाखाली मक्याचं पीठ हाती येतं, तिथे कॉर्नस्टार्च मागा.

फुगवणारे पदार्थ घेताना दोनदा पाहा. फ्रान्समध्ये बेकिंग पावडर आणि यीस्ट दोन्हींच्या नावात ‘लव्ह्यूर’ असतं. पुढे ‘शिमीक’ असेल तर ती बेकिंग पावडर, ‘बुलांजेर’ असेल तर यीस्ट. जर्मनीत बेकिंग पावडर म्हणजे बाकपुल्व्हर, खायचा सोडा म्हणजे नाट्रोन, यीस्ट म्हणजे हेफं. ताज्या यीस्टची वडी तिथे ४२ ग्रॅमची असते. तिच्या जागी इन्स्टंट यीस्ट वापरायचं तर वजनाने एक तृतीयांश, म्हणजे १४ ग्रॅम. सेल्फ रेझिंग पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, आणि अमेरिकी असेल तर मीठही.

बटर बिनमिठाचं घ्या. क्रीम फेटायचं असेल तर स्निग्धांश ३५ टक्क्यांच्या आसपास हवा. ब्रिटनमधलं सिंगल क्रीम १८ टक्क्यांचं असतं, कितीही फेटलं तरी वर येत नाही.

सगळं लहानात लहान पाकिटातच घ्या, किलोमागे महाग पडलं तरी.

ओळखीचा केक

अंड्याचा आकार देशोदेशी वेगळा. युरोपात ‘एम’ म्हणजे कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅम, ‘एल’ ६३ ते ७३. अमेरिकेतलं ‘लार्ज’ सुमारे ५७. म्हणून हा केक अंड्याच्या वजनावरच उभा करायचा, म्हणजे कुठल्याही देशात प्रमाण चुकत नाही.

१. तीन अंडी कवचासकट तोला. समजा १८० ग्रॅम भरली, तर मैदा, साखर आणि बटर प्रत्येकी १८० ग्रॅम घ्या. अंडी-बटर तासभर बाहेर राहू द्या.

२. मैद्यात दीड छोटा चमचा सपाट बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून चाळा. पीठ सेल्फ रेझिंग असेल तर पावडर नको, अमेरिकी असेल तर मीठही नको.

३. बटर-साखर पांढुरकी आणि हलकी होईपर्यंत फेटा. हाताने दहा मिनिटं लागतात. साखर जाड असेल तर आधी ब्लेंडरमधून फिरवा, नाहीतर ती विरघळत नाही.

४. अंडी एकेक करून घाला. मिश्रण फुटल्यासारखं दिसलं तर त्यात चमचाभर मैदा टाका.

५. उरलेला मैदा दोन वेळा घालून अलगद मिसळा. दोन टेबलस्पून दूध घाला. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा.

६. बटर पेपर लावलेल्या २० सेंटिमीटरच्या गोल टिनमध्ये ओता. १८० अंशांवर, पंखा असेल तर १६० वर, मधल्या जाळीवर ठेवा. ४० मिनिटांनी मध्यभागी सुरी घालून पाहा. पहिली ३० मिनिटं दार उघडू नका.

टिन विकत घ्यायची गरज नाही. १८ सेंटिमीटरच्या चौकोनी काचेच्या ओव्हनप्रूफ भांड्याचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच भरतं. १५ सेंटिमीटरचं गोल भांडंच असेल तर सामान निम्म्याच्या जरा वर घ्या. फॉइलचे ट्रेही चालतात, फक्त त्यांच्याखाली दुसरा ट्रे द्या. बिस्किटं लाटायला काचेची स्वच्छ बाटली छान काम देते.

केक वाचायचा कसा

मध्यभागी टेकडी होऊन तडा गेला तर ओव्हन जास्त गरम आहे; २० अंश उतरवा. मधोमध बसला तर आतून कच्चा राहिला किंवा बेकिंग पावडर जास्त झाली. कापल्यावर उभे बोगदे दिसले आणि घास चिवट लागला तर पिठाची ताकद जास्त आहे किंवा हात जास्त फिरला; पुढच्या वेळी स्टार्चचा उपाय करा. एकच बाजू काळपटली तर उष्णता तिकडून जास्त येते, तेव्हा दोन तृतीयांश वेळ झाल्यावर टिन फिरवा. वरून फिकट आणि तळाशी करपलेला असेल तर जाळी एक खाच वर सरकवा.

दर वेळी एकच गोष्ट बदला. पीठही बदललं आणि तापमानही, तर फरक कशाने पडला हे कधीच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या केकपर्यंत ओव्हन हातात येतो, मग ग्रॅममध्ये उतरवलेली कुठलीही रेसिपी निर्धास्तपणे काढा.

उंचावरच्या शहरात गणित थोडं निराळं आहे. साधारण हजार मीटरच्या वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे वायू जास्त फुगतो आणि ओलावा लवकर उडतो. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, ला पाझ ३,६०० च्या आसपास. तिथे बेकिंग पावडर पाव भाग कमी करून सुरुवात करा, दूध एखाद-दोन चमचे वाढवा आणि ओव्हन दहा अंश चढवा. ला पाझसारख्या ठिकाणी पावडर निम्म्यावरही आणावी लागते.

ओव्हनच नसेल तर

अनेक लहान फ्लॅटमध्ये फक्त मायक्रोवेव्ह असतो. त्याला कन्व्हेक्शन, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवायची सोय, असेल तर तो छोटा ओव्हनच समजा. त्या मोडवर धातूचा टिन चालतो, मायक्रोवेव्ह मोडवर अजिबात नाही. तेही नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं, आत स्टँड, वर घट्ट झाकण, मंद आच. पातेलं दहा मिनिटं आधी तापवा. केक वरून लाल होणार नाही, पण आतून मऊ होतो. नॉनस्टिक पातेलं मात्र असं कोरडं तापवू नका, आणि घरमालकाचं तर नाहीच.

निघायच्या आधीचे दोन महिने

कपाटातला माल वजन करून यादी करा आणि उरलेले केक त्याप्रमाणे ठरवा. या काळात नवं पीठ घेऊ नका. जुनी बेकिंग पावडर चालते का हे पाहायला चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, सोडा असेल तर व्हिनेगरमध्ये. जोरात फसफसलं तर वापरा. तारखा वाचताना अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर असतो हे ध्यानात ठेवा. शेवटचा मोठा केक शेजाऱ्यांना द्यायचा असेल तर त्यात सुकामेवा, अंडी, जिलेटिन काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. न फोडलेली पाकिटं नव्या भाडेकरूसाठी ठेवायची असतील तर आधी घरमालकाला विचारा, आणि ओव्हनशेजारचा तो तापमानाचा कागद तिथेच राहू द्या.