हापूसचा मोहोर फुलला आहे, सकाळची वेळ सांभाळा

कोकणात सध्या बऱ्याच कलमांवर मोहोर फुलोऱ्यात आहे, काही बागांत बोंगे, म्हणजे मोहोराचे फुगलेले डोळे, आत्ता कुठे फुटताहेत. या दिवसांत सगळ्यांचं लक्ष मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांकडे आणि भुरी या बुरशीच्या रोगाकडे असतं, आणि ते असायलाच हवं. पण "मोहोर भरगच्च आला, कणी (म्हणजे बारीक फळं) मात्र धरली नाही" ही तक्रारही दरवर्षी ऐकू येते. तिचं कारण पुष्कळदा कीड नसून हवा असते. पराग केव्हा सुटतो, कुणाच्या अंगाला चिकटून कुठे जातो आणि पोहोचेपर्यंत जिवंत राहतो की नाही, हे त्या दिवशीच्या सकाळवर ठरतं.

आठच्या सुमाराला बागेत जाऊन मोहोराचा एक तुरा हातात घ्या. साधं भिंग असेल तर उत्तम. आंब्याच्या फुलात पराग देणारा पुंकेसर बहुधा एकच असतो, बाकीचे आखूड आणि वांझ. त्याच्या टोकाला गुलाबी-लालसर परागकोष दिसेल. हवा कोरडी होऊन ऊन चढलं की तो फुटतो, रंग निळसर-राखाडी होतो आणि बारीक पीठ बाहेर येतं. तेच पराग. आता फुलाच्या मधोमध पाहा. हिरवट-पिवळा गोल दाणा आणि त्याच्या बाजूने निघालेला बारीक दांडा दिसला, तर ते संयुक्त फूल. फळ फक्त त्यालाच धरतं. दाणा नसेल तर ते नर फूल. पाच-सहा झाडांवरचे तुरे असे पाहिलेत की यंदा आपल्या बागेत काय चाललंय याचा अंदाज येतो.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी बहुतेक परागकोष सकाळपासून दुपारपर्यंत फुटतात. दंव जास्त पडलं, धुकं रेंगाळलं किंवा मळभ आलं की ते वाळत नाहीत आणि फुटणं लांबतं. फूल तर पहाटेपासून उमलू लागलेलं असतं आणि परागकण धरून ठेवण्याची त्याची ताकद पहिल्या काही तासांतच सर्वात चांगली असते. पराग उशिरा सुटला की ही वेळ टळते. खाडीकाठच्या आणि दरीतल्या बागांना हा त्रास जास्त, कारण तिथे दहा वाजले तरी पानं ओली असतात. कातळावरच्या बागा लवकर सुकतात, पण तिथे वारा आणि ताप सोसावा लागतो.

किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो. आंब्याचा तसा जात नाही. तो चिकट असतो, वाऱ्यावर त्याची भिस्त नाही. त्याला नेतात माश्या. घरमाशीसारख्या साध्या माश्या, फुलांवर एका जागी तरंगणाऱ्या माश्या, डंखहीन माश्या आणि थोड्या मधमाश्या. गारठा असेल, झिमझिम असेल किंवा वारा जोराचा असेल, तर या माश्या बाहेर पडत नाहीत. म्हणजे पराग सुटलेला, फूल तयार, आणि नेणारं कुणी नाही. बागेत माशी घोंघावत नसेल, तर बिघडतंय असं समजा.

थंडीचं काम दुहेरी आहे. मोहोर येण्यासाठी ती लागतेच. पण तुरा वाढत असताना गारठा टिकला, तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. कल्टार हे वाढ रोखणारं औषध देऊन लवकर आणलेल्या मोहोराला हा फटका बसू शकतो. शिवाय आज उमललेल्या फुलातला पराग काही दिवस आधी, कळीतच घडलेला असतो. त्या रात्री फार गार गेल्या असतील, तर पुढे ऊन कितीही छान पडलं तरी तो पराग कमजोरच. म्हणून किमान तापमान रोज वहीत लिहून ठेवा. कणी गळू लागली तर त्यातल्या काही उभ्या चिरून पाहा. आतलं बी आकसून तपकिरी झालं असेल, तर परागीकरण किंवा फलन नीट झालं नसण्याची शक्यता मोठी. तिथे कीटकनाशकाची आणखी एक फवारणी म्हणजे पैसे पाण्यात.

फळ धरलेल्या झाडावर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा थंडी पडली की नवा मोहोर फुटतो आणि आधीची कणी गळते. हा पुनर्मोहोर टाळायचा तर पुरेसा मोहोर असलेल्या झाडांवर जिब्रेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम, फवारावं. पहिली फवारणी मोहोर पूर्ण उमलल्यावर, दुसरी फळं वाटाण्याएवढी झाल्यावर. भुकटी थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या.

अवकाळी पाऊस सर्वात वाईट. पराग धुऊन जातो, आणि पाण्यात भिजलेला परागकण फुगून फुटतो. पाऊस थांबताच फांद्या हलक्या हातानं हलवून मोहोरातलं पाणी झटका, गुंता झालेला काळपट मोहोर काढा. ओलाव्याबरोबर करपा हा बुरशीचा रोग येतो. त्यासाठी कार्बेन्डाझिम १२ टक्के + मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र बुरशीनाशक १० लिटरला १० ग्रॅम, तेही पानं सुकल्यावर.

उन्हाची काळजी आता फेब्रुवारीपासूनच घ्यावी लागते. २०२३ च्या फेब्रुवारीत हवामान खात्यानं कोकणासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, हे विसरू नका. पारा ३५ च्या वर गेला आणि पूर्वेकडून कोरडा वारा सुटला की पराग रुजत नाही, फुलाचं टोक सुकतं. यावर पूर्ण उपाय नाही. मात्र फळं वाटाण्याएवढी झाल्यावर सोय असेल तर झाडाला १५० ते २०० लिटर पाणी पंधरा दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा द्या आणि आळ्यात गवताचं आच्छादन करा.

आता फवारणीची वेळ. या एका गोष्टीवर मी अडून बसेन: फुलं उमलत असताना सकाळी पंप चालवू नका. नळीचं पाणी परागाला पावसासारखंच मारतं, आणि कीटकनाशक माश्यांना. संरक्षणाच्या फवारण्या बोंगे फुटतानाच उरकायच्या असतात. फुलोऱ्यात तुडतुडे खरंच जास्त झाले आणि पर्याय उरला नाही, तरच फवारा, तेही संध्याकाळी माश्या परतल्यावर. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, १० लिटरला २० ग्रॅम चालतं, पण कडक उन्हात नको, मोहोर भाजतो. शेजारच्या बागेतही हे सांगा. माश्यांना गडगा कळत नाही.

एक काम यंदाच्या मोहोराचं नाही, पण ठरवायचं आत्ताच. निव्वळ हापूसच्या बागेत हापूसचा पराग हापूसला फारसा उपयोगी पडत नाही. दर आठ-दहा कलमांमागे रत्ना, केसर किंवा गोवा मानकूरचं एक झाड हवं. ते वाऱ्याच्या दिशेला एका टोकाला नको, बागेत विखरून लावा, कारण माशी एका झाडावरून शेजारच्या झाडावर जाते. नव्या लागवडीला जागा नसेल, तर कमी धरणारी दोन-चार जुनी झाडं आत्ताच हेरून त्यांना चुन्याची खूण करा. फळं उतरल्यावर त्यांच्या फांद्या छाटून, येणाऱ्या जोमदार फुटीवर दुसऱ्या जातीचं कलम बांधता येतं.