आठ जण, तीन फासे: टेबलावरच्या बेसबॉलची स्पर्धा कशी भरवावी

शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळला असाल, तर हा खेळ कळायला पाच मिनिटं पुरतात. बुक क्रिकेटची एकच अडचण होती: सचिन असो की अकराव्या नंबरचा बोलर, उघडलेलं पान दोघांनाही सारखंच. अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवली. १९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमधून 'ॲपबा' बाजारात आला, आणि १९६१ साली न्यूयॉर्कच्या हॅल रिचमनने 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' काढला. दोन्हींत प्रत्येक खऱ्या खेळाडूचं एक कार्ड, आणि त्यावर त्याच्या त्या हंगामातल्या खेळाप्रमाणे बेतलेले निकाल. १९८१ साली खेळाडूंच्या संपामुळे ऑल-स्टार सामना, म्हणजे निवडक नामवंत खेळाडूंचा वार्षिक सामना, लांबला, तेव्हा क्लीव्हलँडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये लोकांनी तो फासे टाकून खेळला होता!

न्यू जर्सीत आमच्या बेसमेंटमध्ये थंडीच्या दिवसांत आम्ही आठ जण स्ट्रॅट-ओ-मॅटिकची एका दिवसाची स्पर्धा खेळतो. आठांत तीन मराठी. हे सगळं त्यातूनच शिकलेलं, बरंचसं भांडून.

आधी एक दान नीट बघा

फासे तीन, त्यातला एक वेगळ्या रंगाचा. त्या फाशावर १, २ किंवा ३ आलं तर बॅटरचं कार्ड वाचायचं. ४, ५ किंवा ६ आलं तर पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं. तोच आकडा कार्डावरचा रकाना सांगतो. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे ओळ. समजा वेगळा फासा ५, बाकीचे २ आणि ६. म्हणजे पिचरच्या कार्डावर पाचवा रकाना, आठवी ओळ. तिथे लिहिलंय: ग्राउंडबॉल, शॉर्टस्टॉप, एक्स. म्हणजे चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या थांब्यांच्या) मधल्या फील्डरकडे, गेला. एक्स दिसला की चेंडू अवघड जागी गेला असं समजायचं. आता वीस बाजूंचा फासा टाका आणि शॉर्टस्टॉपचा दर्जा तक्त्यात बघा. १ म्हणजे उत्तम, ५ म्हणजे देवाची करणी. तिथे ओझी स्मिथसारखा अव्वल शॉर्टस्टॉप, म्हणजे १, उभा असेल तर बॅटरने पॅव्हेलियनकडे निघावं.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. दोन फाशांची बेरीज ७ येण्याच्या शक्यता ३६ पैकी ६, पण २ किंवा १२ येण्याची प्रत्येकी एकच. त्यामुळे कार्डावर होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा, थेट मैदानाबाहेरचा फटका) कुठल्या ओळीत आहे ते बघा, नुसते किती आहेत ते मोजू नका.

संघ एकाच हंगामातले घ्या

सगळ्यांना न्यूयॉर्कचा १९२७ चा यँकीज संघ हवा असतो, कारण बेब रूथचे ६० होमरन. दुसऱ्याला १९६८ चा पिचर बॉब गिब्सन हवा असतो. मोह टाळा. १९६८ चं वर्ष इतकं पिचरांचं होतं, की पुढच्या वर्षी पिचर ज्यावर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. कार्डं त्या त्या काळाच्या मापाने बेतलेली असतात; दोन काळ एकत्र केले की मापंच बिघडतात. एकच हंगाम ठरवा आणि त्यातले आठ संघ टेबलावर ठेवा. चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा, ज्याची चिठ्ठी पहिली निघेल त्याने आधी संघ उचलायचा.

आता खरी डोकेदुखी: कोणाला किती खेळवायचं. १९६३ साली ह्यूस्टनकडून जॉन पॅचोरेक नावाचा मुलगा मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या पातळीवर, एकच सामना खेळला आणि त्यात तीन पैकी तीन हिट मारून गेला. सरासरी १.०००, म्हणजे दर वेळी हिट! असा खेळाडू कार्डावर आला आणि तुम्ही त्याला प्रत्येक सामन्यात उतरवलात, तर तो रूथलाही लाजवेल. म्हणून त्या हंगामात शंभरापेक्षा कमी वेळा बॅटिंग केलेला खेळाडू आमच्याकडे सुरुवातीच्या नऊ जणांत बसत नाही. फक्त पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी बॅटिंगला येणारा) म्हणून, सामन्यात एकदा.

पिचरचंही तेच. एका दिवसात सात सामने म्हटल्यावर प्रत्येक जण आपला हुकमी पिचर सातही वेळा काढणार. ज्याने सामन्याची सुरुवात केली तो पुढचे चार सामने बसणार, हा नियम आधीच लिहून भिंतीवर चिकटवा. आधी, सकाळी. दुपारी सांगितलेला नियम कोणाच्या तरी विरुद्धच सांगितला असं वाटतं.

वेळापत्रक

आठ संघ, प्रत्येकाशी एकदा, म्हणजे २८ सामने. चार टेबलांवर सात फेऱ्या. एका फेरीला ४५ मिनिटं धरा, म्हणजे जेवण सोडून सव्वापाच तास. फेऱ्या लावायला संगणक नको. आठ चिठ्ठ्या चार-चारच्या दोन ओळींत समोरासमोर ठेवा, एक जागेवर पक्की, बाकीच्या सात दर फेरीला घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक घर पुढे. घरचा संघ शेवटी बॅटिंग करतो, तो फायदाच. सात सामन्यांत निम्म्यांच्या वाट्याला चार घरचे सामने येतात, निम्म्यांच्या तीन. हे सकाळीच सांगून टाका.

नऊ इनिंगनंतर बरोबरी झाली तर मेजर लीगने २०२० मध्ये आणलेला नियम घ्या: दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर धावपटू उभा करूनच सुरुवात. नाहीतर एक टेबल अडतं आणि बाकीचे सहा जण चहा पीत बसतात.

दोन संघांचे विजय सारखे झाले तर आपसातला सामना बघायचा, मग धावांचा फरक. पहिल्या वर्षी मी हे ठरवलंच नव्हतं. तीन जण ४-३ वर अडकले, प्रत्येकाने एकाला हरवलेलं आणि एकाकडून हरलेला, आणि रात्री साडेअकरापर्यंत बेसमेंटमध्ये बॅरिस्टरी चालली. शेवटी माझ्या बायकोने दिवे घालवले.

फाशांचे कायदे

फासे खोक्यात टाका, हातातून टेबलावर नको. तिरका अडकला किंवा खाली पडला तर तिन्ही पुन्हा. दान पडल्यावर 'थांब, मला पिंच हिटर आणायचा होता' चालणार नाही. त्यासाठी आमची पद्धत सोपी: बॅटिंगवाला 'टाकू?' विचारतो, समोरचा 'टाक' म्हणेपर्यंत फासे हातातच. आमच्यातले अमेरिकनही आता 'टाकू?' असंच विचारतात, आणि 'ट' त्यांना आजवर जमलेला नाही.

स्कोअरशीट दोघांनी भरा. बेसबॉलमध्ये जागांना आकडे असतात: पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवाला ३, दुसऱ्या बेसवाला ४, शॉर्टस्टॉप ६. ६-४-३ लिहिलं की डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) कसा झाला ते डोळ्यांसमोर येतं. वाद झाला तर ही शीटच पंच.

बटाटेवडे टेबलापासून लांब ठेवा. तेलाचा डाग पडलेलं कार्ड पालथं असलं तरी सगळ्यांना ओळखू येतं.

पहिल्या दोघांत अंतिम फेरी, तीनपैकी दोन. ती दुसऱ्या दिवशी ठेवलीत तर दमलेले पिचर ताजे धरावेत की नाही तेही भिंतीवर असू द्या. आम्ही धरत नाही. आणि लोक कोट घालायच्या आत प्रत्येक संघाची कार्डं मोजून लिफाफ्यात घाला. गेल्या खेपेला एक राखीव कॅचर कमी भरला. तीन आठवड्यांनी सापडला, फाशांच्या खोक्याच्या तळाशी.