आयरिश सोडा ब्रेड: पीठ मळायचं नाही

जुन्या काळी आयर्लंडच्या खेड्यांत बहुतेक घरी भट्टी नसायची. चुलीवरचं तीन पायांचं बीडाचं भांडं, त्याला बॅस्टिबल म्हणत, हीच भट्टी. झाकणावर जळत्या पीटचे, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या जळणाचे, निखारे ठेवले की पावाला वरखालून आच लागे. तिथला गहू मऊ, यीस्टच्या पावाला फारसा न जमणारा. १८३० नंतर खायचा सोडा मिळू लागला आणि लोणी काढून उरलेलं आंबट ताक तर घरोघरी होतंच.

४५० ग्रॅम मैदा, १ सपाट छोटा चमचा (टीस्पून) सोडा, १ छोटा चमचा मीठ, साधारण ३५० मिली ताक. साखर, अंडं, बेकिंग पावडर काही नको. आपलं प्यायचं पातळ ताक चालत नाही. आंबट दही थोड्या पाण्यात घुसळा, दाट धार पडेल इतपत. सोडा मैद्याबरोबर दोनदा चाळा. गुठळी राहिली तर पावात पिवळा, कडू ठिपका येतो.

ओव्हन आधी २३० अंशांवर तापवा, मगच ताकाला हात लावा. आंबट लागताक्षणी सोडा फसफसतो, तो थांबत नाही.

आता खरी गोम. माझे पहिले चार पाव बाहेरून दगड आणि आत गिच्च झाले, कारण हात पोळीच्या कणकेला सवकलेला. मळलं की पीठ चिवट होतं आणि वायू निघून जातो. म्हणून मैद्यात खळगा करून सगळं ताक एकदम ओता. एका हाताची बोटं ताठ, फाकवलेली ठेवून मधून कडेकडे गोल फिरवा. मिनिटभरात गोळा जमला की हात काढा. तो ओलसर, खडबडीत, बोटांना चिकटणारा दिसेल, तसाच हवा. ‘गुळगुळीत होईपर्यंत मळा’ असं लिहिलेली कृती सरळ बाजूला ठेवा.

पीठ भुरभुरून ४ सेंटीमीटर जाडीचा गोल थापा. सुरीने खोल फुली मारा. पऱ्यांना बाहेर पडायला वाट, असं तिथे म्हणत. आच मध्यापर्यंत पोचते ती त्या फुलीमुळेच.

२३० वर १५ मिनिटं, मग २०० वर अर्धा तास. उलटा करून बुडावर टिचकी मारा, पोकळ आवाज आला की झाला. कापडात गुंडाळून ठेवा आणि त्याच दिवशी भरपूर लोणी लावून संपवा.