शिश्नाची पुढची कातडी घट्ट आहे? या चुका टाळा

कातडी घट्ट आहे म्हणून ऑपरेशन करावंच लागतं, असं नाही. लघवी मोकळी होते, संबंधाच्या वेळी दुखत नाही, आतून स्वच्छ करता येतं, मग उपचारांची गरज नसते. कातडी चिरत असेल, लघवी करताना फुगत असेल किंवा वारंवार लाली, खाज, स्राव होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते जोर लावून कातडी मागे ओढल्याने. बारीक चिरा पडतात, भरताना तिथे व्रण धरतो, आणि व्रणाची कातडी ताणत नाही. म्हणजे दर वेळी कातडीचा घट्ट वेढा आणखी आवळतो. ताण द्यायचा तो अंघोळीनंतर, हलका, दुखायला लागायच्या आत थांबून. सोबत डॉक्टर बहुधा बीटामेथासोन ०.०५ टक्के हे स्टेरॉइड मलम देतात. ते घट्ट वेढ्यावरच पातळ लावायचं, दिवसातून दोनदा, साधारण ४ ते ८ आठवडे. आठवडाभरात फरक दिसला नाही म्हणून बरेचजण सोडून देतात. तेवढ्यात फरक पडतच नाही.

मागे घेतलेली कातडी तशीच ठेवू नका. ती टोकामागे अडकली की सूज चढते आणि रक्तपुरवठा अडतो. अशा वेळी सुजलेला भाग मुठीत धरून ५ ते १० मिनिटं सलग दाबा, म्हणजे सूज उतरते. मग अंगठ्यांनी टोक आत ढकलत बोटांनी कातडी पुढे आणा. जमलं नाही, तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात जा. लघवीची नळी (कॅथेटर) घातल्यावर कातडी पुढे आणायची राहून जाते, तेही बघा.

मोठेपणी नव्याने घट्टपणा आला तर साखर तपासून घ्या. मधुमेहात बुरशीचा संसर्ग परत परत होतो, आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी त्यात भर पडते. साबणाने घासून तो जात नाही, उलट कातडी चुरचुरते. कोमट पाणी पुरे.

पांढरट, कडक चट्टा दिसला तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो. तो मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत पसरून लघवीची धार बारीक करतो. इथे जास्त तीव्र स्टेरॉइड लागतं, बऱ्याचदा सुंताही. गाठ, न भरणारी जखम किंवा रक्त दिसलं तर मलम लावत बसू नका. कर्करोग नाही ना, हे आधी तपासावं लागतं.